बाबांचा तांब्याचा पेनड्राइव्ह

काकूंच्या कारखान्यात त्या बुधवारी मशीन बंद आणि माणसं चालू, असा उलटा प्रकार होता. बारा सुयांचं ते भरतकामाचं मशीन एरवी पाच मिनिटं थांबलं तरी काकूंचा जीव खालीवर होतो. त्या दिवशी ते गप्प उभं होतं आणि त्याच्याभोवती अख्खी गल्ली दाटली होती. शिंपी आले होते, गुंड्यावाला आला होता. समोरचा इस्त्रीवाला तर इस्त्री कापडावर तशीच टेकवून आला होता, हे आम्हाला मागाहून वासावरून कळलं. सगळ्यांचे डोळे काकूंच्या कॉम्प्युटरकडे लागले होते. आणि ज्या खुर्चीत काकू सख्ख्या भावालाही बसू देत नाहीत, त्या खुर्चीत डोळे मिटून फाईलबाबा बसले होते, हल्लीच गल्लीत आलेले, अडलेल्या फायली मंत्राने मोकळ्या करतो म्हणणारे.

मी या गल्लीतला मिस्त्री. भरतकामाची मशिनं दुरुस्त करतो. सुई मोडली, धागा गुंतला, मशीन आडमुठेपणा करायला लागलं की मला हाक येते. स्वभावाने मी जरा तिरसट आहे असं लोक म्हणतात. मी फक्त एवढंच म्हणतो की जी वस्तू खोलून बघता येत नाही, तिच्यापुढे हात जोडायची मला घाई नसते.

आमच्याकडचं काम असं चालतं. कोणाला शर्टावर नाव हवं असतं, कोणाला चादरीवर वेल. ते डिझाइन कॉम्प्युटरवर तयार करायचं, पेनड्राइव्हवर घालायचं आणि पेनड्राइव्ह मशीनला खोचायचा. मशिनं जुनी आहेत, त्यांना दुसरी भाषा कळत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत पेनड्राइव्ह म्हणजे धाग्याच्या रिकाम्या बॉबिनसारखे, कुठेही लोळत असतात. याचा त्याच्याकडे, त्याचा तिच्याकडे. कोणाचा कोणता, हे देवालाही सांगता यायचं नाही.

दुखणं होतं ते पाटीचं. इंटरनेटवरून अक्षरांचा एखादा नवा संच उतरवला आणि उघडायला गेलं की पडद्यावर मोठी पाटी आडवी यायची. काय म्हणायची पाटी? ते कोणालाच माहीत नव्हतं. कारण ती कोणी वाचलीच नव्हती. पाटी आली की काकू कपाळावर हात मारायच्या, शिंपी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचे आणि गुंड्यावाला पडद्याला शिव्या द्यायचा.

तर त्या बुधवारी काकूंनी सगळ्यांसमोर एक संच उतरवला, उघडायला गेल्या आणि ठरल्याप्रमाणे पाटी आली. बाबांनी डोळे उघडले. गळ्यातला लाल दोरा वर ओढला. दोऱ्याला तांब्याचा एक पेनड्राइव्ह होता, घासून लख्ख केलेला. तो त्यांनी कॉम्प्युटरला खोचला, फाईल त्यात घेतली, पडद्यावर पंजा ठेवला आणि एकवीस आकडे मोजले. ओठ हलत होते. काय पुटपुटत होते कोण जाणे, मधेच ‘मेगाबाइट’ असं काहीतरी ऐकू आलं. मग फाईल परत काकूंच्या कॉम्प्युटरवर टाकली.

“उघडा,” बाबा म्हणाले.

काकूंनी उघडली. पाटी आली नाही. संच मुकाट्याने उघडला.

गल्लीने श्वास सोडला. बाबांनी पेनड्राइव्ह कपाळाला लावला आणि सुरू झाले. फाईल म्हणजे जीवच. कुठल्या कुठल्या देशांतून, तारांमधून, समुद्राखालून येते. वाटेत कोणाची सावली पडते, कोणाची नजर लागते. कॉम्प्युटर बिचारा लेकरासारखा, त्याला ती सावली दिसते आणि तो घाबरून ओरडतो. सावली काढली की लेकरू शांत. ऐकायला गोड होतं. अर्धं खरं मिसळलं की खोटं फार गोड लागतं, हे मला दोन दिवसांनी कळलं.

मला राहवलं नाही. मी माझा लॅपटॉप पुढे केला. म्हटलं, आता बाबांची फजिती बघायची. मी स्वतः एक फाईल उतरवली, पाटी आणली. बाबांनी तांबं खोचलं, एकवीस मोजले, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाटी गायब. हसायला गेलो आणि तोंड वासून परत आलो. टोपीवाला माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “मिस्त्री, आता तरी मान ना.”

हा टोपीवाला बाबांचा पहिला भक्त. टोप्यांवर नावं भरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गेले आठ दिवस तो स्वतःचं दुकान बंद ठेवून घरोघर फिरून माणसं गोळा करत होता. दुकान का बंद, विचारलं तर म्हणे सुई मोडली. सुई मोडली आणि मिस्त्रीला हाक नाही, याचा मला भलताच राग आला होता. पण तेव्हा मला फक्त राग आला. डोकं चालवायचं राहून गेलं.

जाता जाता बाबांनी घोषणा केली. असं एकेका फाईलचं किती दिवस करायचं? शुक्रवारी सकाळी सगळ्यांची एकदम शुद्धी. ते एक ‘कवच’ नावाची फाईल देणार. ती एकदा उघडली की जन्मात पाटी येणार नाही. आणि पहिला मान काकूंच्या कॉम्प्युटरचा, कारण सगळ्यात मोठा साठा काकूंचा.

ते मात्र खरं होतं. काकूंच्या त्या एका डब्यात अकराशे डिझाइन होती. निम्मी त्यांच्या यजमानांनी कागदावर हाताने काढलेली. ते गेल्यावर काकूंनी दोन वर्षं बसून टाक्याला टाका मोजत ती कॉम्प्युटरवर चढवली. सात बायकांची घरं त्या डिझाइनांवर चालतात. आणि दुसरी प्रत कुठेही नाही. मी कितीदा सांगितलं होतं, पण काकू म्हणायच्या, उद्या करू.

घरी गेलो तर सासूबाई बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर वाचत होत्या. गुडघ्याच्या उपचारांसाठी त्या महिनाभर आमच्याकडे आल्या होत्या. सरकारी दवाखान्यात अडतीस वर्षं कंपाउंडर होत्या. हातात येईल त्या वस्तूवरचं सगळं वाचायचं, ही त्यांची खोड. शाम्पूची बाटली वाचतात, बल्बचं खोकं वाचतात. माझी बायको म्हणते, लग्नात आईने पत्रिका छापखान्याच्या पत्त्यासकट वाचली होती.

मी त्यांना बाबांचा चमत्कार रंगवून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“पाटीवर लिहिलंय काय, जावईबापू?”

एवढी वर्षं पाटी बघतोय, तीनशेदा तरी बंद केली असेल. काय लिहिलंय, ते मला सांगता येईना. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी सासूबाई माझ्या दुकानात येऊन बसल्या. मी पाटी आणली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागल्या. ही फाईल इंटरनेटवरून आली आहे. ती कोणी बनवली, याची खात्री पटलेली नाही. उघडल्यास तुमच्या कॉम्प्युटरला धोका होऊ शकतो. पाठवणारा ओळखीचा नसेल तर उघडू नका.

“बास? एवढंच?” त्या म्हणाल्या. “अहो, हा ओरडत नाहीये. चांगल्या घरच्या माणसासारखा सांगतोय.”

मग त्यांचा दुसरा प्रश्न. फाईल बाहेरून आली, हे कॉम्प्युटरला कळलं कसं? मी फाईलची माहिती उघडून दाखवली. नाव, आकार, तारीख, आणि सगळ्यात खाली एक बारीक ओळ, ही फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे. ती ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, बाटलीला चिठ्ठी चिकटवलीय की.

नंतर त्यांनी बाबा काय काय करतात ते क्रमाने विचारून घेतलं. तांब्याचा पेनड्राइव्ह, पंजा, पुटपुटणं, एकवीस आकडे. माझ्याकडून एक जुना पेनड्राइव्ह मागून घेतला आणि मला सुई बदलायच्या कामावर पिटाळलं. दुपारी परत आलो तर एकट्याच हसत बसल्या होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, “उद्या कळेल. तुमच्या पोटात काही राहत नाही.”

शुक्रवारी गल्ली पुन्हा जमली. या वेळी इस्त्रीवाल्याने इस्त्री विझवून ठेवली होती. काकूंनी खुर्ची पुसून ठेवली होती. बाबा आले, स्वतःचा लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि काकूंच्या कॉम्प्युटरवर ‘कवच’ उतरवलं. पाटी आली. बाबा हसले, गळ्यातला दोरा वर ओढायला लागले.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. “बाबा, मला एक शंका आहे.”

“शंका घेणाऱ्याला फळ मिळत नाही, माई.”

“फळ नको हो. माझे गुडघे दुखतात, मी काही झाडावर चढणार नाही. उत्तर द्या म्हणजे झालं.”

गल्लीत खसखस पिकली. बाबांनाही हसावं लागलं, आणि हसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. सासूबाईंनी ‘कवच’ बाजूला ठेवायला सांगितलं. माझा लॅपटॉप मांडला, कालचाच अक्षरांचा संच नव्याने उतरवला. पाटी आली, सगळ्यांनी बघितली. मग त्या बाबांना म्हणाल्या, तुमचा पंजा ठेवा, मंत्र म्हणा, एकवीस मोजा, हवं तर बेचाळीस मोजा. फक्त पेनड्राइव्ह गळ्यातच राहू दे.

बाबा म्हणाले, असं चालत नाही. काकू म्हणाल्या, “करून बघायला काय जातंय?” काकूंच्या तोंडून आल्यावर बाबांचा नाइलाज झाला. पंजा ठेवला, पुटपुटले, बेचाळीस मोजले. मी फाईल उघडली. पाटी हजर.

“वातावरणात शंका आहे,” बाबा म्हणाले.

“असेल,” सासूबाई म्हणाल्या. “आता मी करते.”

त्यांनी पिशवीतून माझा जुना पेनड्राइव्ह काढला. टोपण उंदराने कुरतडलेलं, अंगाला मशीनचं तेल. दुसऱ्या हातात त्यांची खोकल्याच्या औषधाची बाटली होती. पेनड्राइव्ह खोचला, फाईल त्यात घेतली, लॅपटॉपवर पंजा ठेवला आणि बाटलीवरचा मजकूर बाबांच्याच सुरात म्हणायला लागल्या. वापरण्यापूर्वी बाटली हलवावी. दिवसातून तीन वेळा. जेवणानंतर. लहान मुलांपासून दूर ठेवावे.

फाईल परत लॅपटॉपवर टाकली. मी उघडली. पाटी नाही.

गुंड्यावाला असा हसायला लागला की त्याच्या हातातला गुंड्यांचा डबा सांडला. शिंप्यांनी खिशातले पेनड्राइव्ह काढले. काकूंनी त्यांच्या ड्रॉवरमधला एक घेतला, काहीही न म्हणता फाईल आत घातली, बाहेर काढली, उघडली. पाटी नाही. गल्लीतली प्रत्येक बाई, प्रत्येक बाप्या पाच मिनिटांत सिद्धपुरुष झाला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कपाळावर हात मारून घेतला, कारण ही गोष्ट गल्लीत सगळ्यात आधी मला कळायला हवी होती. आपल्या मशिनांना पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने तयार करून लागतात. नवी पद्धत त्यांना वाचताच येत नाही. मीच करून देतो सगळ्यांना, शेकड्याने करून दिलेत. त्या जुन्या पद्धतीत फाईल मावते, पण फाईलबरोबरची चिठ्ठी ठेवायला जागाच नसते. कॉम्प्युटर बाहेरून आलेल्या फाईलला ‘ही बाहेरून आलीय’ अशी चिठ्ठी लावतो. फाईल पेनड्राइव्हवर गेली की चिठ्ठी गळून पडते. परत आणली की कॉम्प्युटरला वाटतं, घरचीच आहे. म्हणून तो बोलत नाही. बाबांचा पेनड्राइव्हही तसलाच, वरून तांब्याचं टोपण. मी दोन फायलींची माहिती शेजारी शेजारी उघडून दाखवली. एकीच्या खाली ती बारीक ओळ होती, दुसरीच्या खाली नव्हती. एवढाच तो चमत्कार.

“म्हणजे सावली गेली ना?” काकू अजून अडून होत्या. “कशीही का जाईना.”

सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या. आवाज एकदम खाली आला. “काकू, उंदराच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी मी सोलून टाकली, तर आतलं औषध प्याल का?”

काकूंनी ‘नाही’ अशी मान हलवली.

“चिठ्ठी गेली. आतलं तेच राहिलं. पाटी आली म्हणजे फाईल वाईटच, असं नाही. अनोळखी माणूस काही चोरच नसतो. पण घराच्या किल्ल्या देण्याआधी कोण, कुठला, एवढं तर आपण विचारतोच. हा बिचारा तेवढंच विचारा म्हणतोय, आणि आपण त्याचंच तोंड दाबतोय.” मग त्या बाबांकडे वळल्या. “आता तुमचं कवच. कोणी बनवलं, ते पाटीला माहीत नाही. तुम्हाला असेल. आधी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उघडा. आम्ही बघतो, मग काकू उघडतील.”

बाबा हसले. म्हणाले, कवच देणाऱ्याने स्वतः घालायचं नसतं. आणि बोलता बोलता त्यांनी लॅपटॉप पिशवीत सरकवायला सुरुवात केली.

“उघडा ना बाबा.”

आवाज दारातून आला. टोपीवाला उभा होता. चेहरा पांढराफटक.

“मी उघडलं होतं,” तो म्हणाला. “दहा दिवसांपूर्वी. माझी सहाशे डिझाइन होती. एकही उघडत नाही आता. सगळ्याला कुलूप. हे म्हणाले, तू शंका घेतलीस म्हणून कवच उलटलं. म्हणाले, गल्लीतली सगळी माणसं शुक्रवारी आणलीस तर तुझी डिझाइन सोडवून देतो. कोणाला सांगितलंस तर कायमची गेली.” त्याने काकूंकडे बघितलं. “काकू, मी तुम्हाला विकायला निघालो होतो. मला दुसरं काही सुचेना.”

तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, टोपी तोंडावर धरून.

कुलूपही बाबांचं आणि किल्लीही बाबांचीच. आधी लावायचं, मग सोडवायचा विधी करायचा, आणि त्या विधीसाठी माणूस जे मागाल ते देतो. बाबा मागच्या दाराकडे निघाले होते, पण तिथे इस्त्रीवाला उभा होता आणि इस्त्रीवाला दारापेक्षा थोडा रुंद आहे. काकूंनी पोलिसांना फोन लावला आणि ते येईपर्यंत बाबांना काकूंच्या त्याच खुर्चीत बसवून ठेवलं. चहासुद्धा दिला. आम्ही काही रानटी नाही. काकूंनी ‘कवच’ स्वतःच्या हाताने पुसून टाकलं आणि तिथल्या तिथे मला अकराशे डिझाइनांची दुसरी प्रत करायला बसवलं. मी ‘उद्या करू का?’ असं विचारून पाहिलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

पण टोपीवाल्याच्या डिझाइनांचं काय? पोलिसांनी सांगितलं, कुलूप उघडेल याची खात्री नाही. तो घरी जायला उठला. तेव्हा काकूंकडे काम करणारी एक बाई ड्रॉवरपाशी गेली, एक पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाली, “दादा, तुमच्याकडून मागे मोराचं डिझाइन नेलं होतं, ते यात असेल.”

ते होतंच. मोर होता, शिवाय बावीस नावं आणि शाळेच्या टोप्यांची तीन चिन्हं. मशीनला लागणारी फाईल, जशीच्या तशी. मग गल्लीने जो काही धुमाकूळ घातला तो विचारू नका. ड्रॉवर उपसले, सुयांचे डबे पालथे केले, गुंड्यांच्या बरण्यांत हात घातले. याचा त्याच्याकडे, त्याचा तिच्याकडे गेलेला प्रत्येक पेनड्राइव्ह काकूंच्या टेबलावर येऊन पडला. सासूबाईंनी अट घातली होती, की प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तपासायचा, त्यात काय आहे ते वाचायचं, मगच त्यातलं उतरवायचं. संध्याकाळपर्यंत आमच्या त्या गबाळ्या सवयीतून टोपीवाल्याची चारशे सत्तर डिझाइन परत आली. शेवटी शेवटी तो मोजायचं सोडून नुसता हसत होता.

आता मी मिस्त्री माणूस, उपदेश करणं माझं काम नाही. तरी सांगतो. आम्ही गल्लीतले लोक काही मूर्ख नव्हतो. आम्हाला पाटीचा कंटाळा आला होता, आणि कंटाळलेल्या माणसाला बाबा लगेच सापडतो. पाटी आली तर ती वाचा. फाईल कोणी पाठवली ते विचारा, आणि ज्याने बनवली त्याच्याच ठिकाणाहून घ्या. कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, त्यात कमीपणा नाही. आपल्या कामाची दुसरी प्रत आजच करा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर त्यातला एकेक भाग वेगळा काढून बघा. मंत्राशिवाय होतंय का? मंत्राने एकट्याने होतंय का? एवढं केलं तरी निम्मे बाबा घरी बसतील.

सोमवारी टोपीवाल्याचं मशीन सुरू झालं. सुई धडधाकट होती, ती कधी मोडलीच नव्हती. पहिली टोपी त्याने सासूबाईंसाठी भरली, निळ्या कापडावर पिवळ्या धाग्याने, ‘आधी वाचा’. स्वतः घरी घेऊन आला, दोन्ही हातांनी पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली, उलटी केली, चष्मा नाकावर सरकवला आणि आतली धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून वाचायला लागल्या. आम्ही सगळे उभे राहिलो. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली.